पुन्हा शिकाऊ होण्याबाबत

प्रति,
मा. परवाना अधिकारी,
वाहन परवाना कार्यालय.

विषय : पक्का परवाना जमा करून शिकाऊ परवाना मिळणेबाबत.
संदर्भ : ‘अशी तरतूद नाही’ असा शेरा मारून परत आलेला माझा मागील अर्ज.

महोदय,

१. मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये वीस वर्षे शिकवत आहे. आपल्या कार्यालयातील दोन कारकून माझ्याच शेजारी बसून क्लच सोडायला शिकले. तेव्हा हा अर्ज त्यांच्या हाती न देता आपण स्वतः वाचावा, ही विनंती.

२. गेले वर्षभर मी नैराश्याने आजारी होते. घरच्यांनी बाहेर कंबरदुखी सांगितली. मीही कंबरेवर हात ठेवून चालले.

३. औषधोपचाराने कामावर परतले. हातपाय गाडी विसरले नव्हते, पण नवीन काही डोक्यात टिकेना. बाजारापुढचा रस्ता एकेरी झाल्याचे मला तीनदा सांगितले होते. तरी मी शिकाऊ मुलीला तिथेच वळायला लावले. समोरून टेम्पो आला. मुलीने गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि ती म्हणाली, “बाई, आधी श्वास घ्या. तुम्हीच शिकवलंय ना?” मला इतकी लाज वाटली की सीटबेल्ट काढायचेही सुचेना.

४. डॉक्टर म्हणतात, या आजारात शिकण्याची नि लक्षात ठेवण्याची ताकद मंदावते. पण मेंदू म्हणजे काही वाळलेले सिमेंट नव्हे. उपचार आणि रोजचा थोडा सराव असला की त्यात नवे धागे जुळू शकतात. वेळ लागतो. स्कूलचे मालक, म्हणजे माझे दीर, म्हणतात, “वहिनी, तुम्ही आता फोन सांभाळा.” फोनपाशी बसले की माझे शिकणे संपले.

५. खरे कारण लिहिताना मान खाली जाते, तरी लिहिते. मला ती लाल ‘एल’ पाटी हवी आहे. पाटी दिसली की मागचे लोक हॉर्न जरा कमी वाजवतात. घरात अशी पाटी लावायची सोय नसते.

६. शिकाऊच्या शेजारी पक्का परवानाधारक लागतो, हा नियम मीच सर्वांकडून पाठ करून घेते. वरील मुलगी नुकतीच आपल्याकडे पास झाली असून बसायला तयार आहे. “चुकलात तर ओरडणार हं,” म्हणते. मी होकार दिला आहे.

७. तरतूद नसेलच, तर नुसती पाटी लावण्याची लेखी परवानगी द्यावी. मुदत आपण ठरवावी; मला ठरवता येत नाही.

पाटीची वाट पाहणारी,
आपली नम्र
(सही)
प्रशिक्षिका
दि. १४ जून

सोबत :
१) पक्का परवाना (मूळ प्रत).
२) डॉक्टरांचा दाखला. यात कंबरेचा उल्लेख नाही.