मेसेजचा दुसरा भाग

३ नोव्हेंबर, सकाळी
रविवारी आकाशदूत पेजिंगच्या जुन्या स्टाफचं संमेलन, इथेच राजेंद्र नगरात. एकेकाळी कमरेला आमचा पेजर नसेल तर इंदुरात माणसाला कोणी विचारत नसे. भाषण अर्थात माझंच. ऑपरेटर कुमुदिनीजीही महूहून येताहेत. सगळ्यांसमोर सगळं कबूल करायचं. ठरलं.

४ नोव्हेंबर
मसुदा केला. अठ्ठ्याण्णव साल. कुमुदिनीजी चहाला गेलेल्या. त्यांच्या सीटवर मी, सुपरवायझर. एका मुलाच्या वडिलांनी मुलीकडच्यांच्या पेजरसाठी फोनवर मेसेज सांगितला, 'मुलगी पाहिली, आमच्या घरी सगळ्यांना पसंत नाही.' लांब मेसेज आम्ही दोन भागांत पाठवायचो. पहिला 'पसंत'पर्यंत गेला. तेवढ्यात गरम कचोरी आली. दुसरा राहिलाच. मुलीकडच्यांनी गल्लीभर पेढे वाटले. लॉगिन कुमुदिनीजींचं, म्हणून नोकरी त्यांची गेली. मी गप्प बसलो. स्वतःची लाज वाटते. कचोरीचा उल्लेख मात्र गाळावा, भाषणाचं वजन जातं.

६ नोव्हेंबर
सुमेधाला वाचून दाखवलं. संमेलन कशाला हवं, आत्ता फोन करा, म्हणाली. लग्नाला तीस वर्षं झाली, तरी बायकोला प्रसंगाचं भान नाही. रविवारी नक्की.

९ नोव्हेंबर, संध्याकाळी
भाषण फर्मास. कबुलीच्या वाक्याशी पोहोचलोच होतो, तर इंजिनियर मोहन मधेच म्हणाला, "चिंतामण भिया, कुमुदिनीजींचा पेढेवाला किस्सा तर सुनवा." सुनवला. सगळे पोट धरून हसले. त्याही हसल्या, मग पाणी प्यायला म्हणून बाहेर गेल्या, त्या जेवायलाही थांबल्या नाहीत. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो होतो. मेल्याहून मेल्यासारखं झालंय. चूक माइकची. असल्या गोष्टी माइकवर बोलायच्या नसतात. व्हॉट्सॲप उत्तम.

१० नोव्हेंबर, दुपारी
पाठवलं! आकाशदूतच्या शिस्तीने, दोन भागांत. पहिला: 'कुमुदिनीजी, त्या पेढेवाल्या मेसेजची चूक तुमची'. दुसरा लिहिणार तोच सुमेधाने जेवायला हाक मारली. बाफले गार झाले की खाववत नाहीत.

जेवून आलो तर उत्तर आलेलं. "हो. सत्तावीस वर्षं तेच ऐकतेय." आणि त्या स्टाफच्या ग्रुपमधून बाहेर पडल्या.

'नव्हती' टाइप करून ठेवलंय. पण नुसता एवढाच शब्द बरा दिसत नाही. उद्या नीट मसुदा करतो.