फाईलचं कुलूप कोणी काढायचं

४ ऑक्टोबर १९९९, बारामती
पुण्याच्या ऑफिसचा फोन. परदेशातल्या चाचणी-बैठकीला मला पाठवणार नाहीत. सगळ्या कंपन्या आपापले प्रोग्राम आणून एकमेकांना जोडून बघणार. माझा प्रोग्राम जाणार, मी नाही. घरी बसून काम करू देतो हेच खूप, असं साहेब म्हणाले. खरं तर आई गेली तेव्हाच पुण्याला परतायला हवं होतं…

६ ऑ.
वेबवरची फाईल एकानं लिहायला घेतली की तिला कुलूप लागतं, दुसऱ्याला लिहिता येत नाही. पण कुलूप लावणाऱ्याची फोनलाईनच गेली तर? नियमांच्या मसुद्यात धड काही नाही. त्या मसुद्याच्या मेल-ग्रुपवर विचारलं. उत्तर फक्त एरिकचं, स्वीडनहून. त्याचा सर्व्हर वेगळा, माझा प्रोग्राम वेगळा, म्हणून जोडी बरी. रविवारी करून बघायचं ठरलं.

१० ऑ., रवि.
एरिकच्या सर्व्हरवरच्या फाईलला कुलूप लावलं, लिहायला लागले. मग मुद्दाम वायर काढायची होती. त्याआधीच लाईन खरोखर गेली. एक्स्चेंजमध्येच बिघाड. एरिकला कळवायचं कसं?

११ ऑ.
लाईन आली. तो बिचारा थांबला होता. शेवटी त्याच्या सर्व्हरनं मुदत संपली म्हणून कुलूप काढलं, मग त्यानं आपला मजकूर लिहिला. आज मी जोडल्याबरोबर माझ्या प्रोग्रामनं कालचा मजकूर त्यावरच चढवला. त्याचं सगळं पुसलं. दोघांनाही काही सूचना नाही.
अगदी हेच दाखवायचं होतं! कुणाला तरी सांगावं म्हणून दारापर्यंत गेले. घरमालकीणबाई उभ्या होत्या. जेवलीस का, म्हणाल्या. हो म्हटलं नि आत आले.
काय लिहिलं होतंस, असं एरिकला विचारलं. काही विशेष नाही, खिडकीतून दिसत होतं ते, म्हणाला.

१६ ऑ., कळंब
गावी आबांकडे आले. आई गेल्यापासून ते एकटेच. मका काढून झालाय. जेवताना एरिकचं सांगितलं.
"त्येच्या घरी कोन कोन हाय?"
माहीत नाही म्हटलं.
"रोज लिवता आन् इचारलं न्हाय?"
हात धुताना म्हणाले, "माझ्यापायी हितं ऱ्हाऊ नगंस. पुण्याला जा."
तुमच्यासाठी नाही राहत, म्हटलं. मग कशासाठी, हे त्यांनी विचारलं नाही. बरं झालं.

२८ ऑ., बारामती
बैठकीहून एरिकची मेल. आमची चाचणी त्यानं सगळ्यांसमोर करून दाखवली. काहींचं म्हणणं, परत आलेल्या प्रोग्रामनं लिहिण्याआधी फाईल बदलली का ते विचारलंच पाहिजे, तसा नियम करा. बाकीचे म्हणे, लाईन अशी कुठं जाते? प्रश्न खुलाच ठेवला, पुढच्या मसुद्यावर ढकलला.
शेवटी दोन ओळी: पुढच्या महिन्यापासून त्याला दुसरं काम. हे कोण बघणार, ठरलेलं नाही.
आभार मानले. आणखी लिहायचं होतं. खोडलं.

३१ ऑ.
माझ्यापुरतं दुरुस्त केलं. आता माझा प्रोग्राम आधी विचारतो, मगच लिहितो. पण दोन्ही बाजूंना मीच असले तर ती चाचणी कोण धरणार? ग्रुपवर टाकलं: सोबत करून बघायला कुणी आहे का? कुठलीही वेळ चालेल.
दुपारी साहेबांचा फोन. दिवाळीनंतर पुण्याला येणार का, विचारत होते. कळवते म्हटलं.
आज लाईन छान आहे. कुणाचं काही नाही अजून.