बिनसावलीचा माणूस

पॅरिस, ८ जून १८८९

ती. आईस, गुल्वेनचा सा. न.

सोबत बाबांचं चित्र पाठवतोय. आम्ही इथले चित्रकार सध्या जपानी छापचित्रांच्या नादी लागलोय. ते लोक सपाट रंग भरतात, निम्मा कागद मोकळा सोडतात आणि सावली काढतच नाहीत. मीही तसंच केलंय. गलबतावर बाबा एकटे, हातात गळाची दोरी, भोवती नुसता पांढरा रंग.

मी दर्यावर जायला नाही म्हटल्यापासून बाबा माझ्याशी बोललेले नाहीत. आइसलंडची मासेमारी आटोपून येतील तेव्हा चित्र भिंतीवर दिसू दे. माफी मागायला माझ्याकडे दुसरं काही नाही.

इथं रविवार जाता जात नाही. लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
गुल्वेन

प्लुबाझलानेक, २ जुलै

चि. गुल्वेन यास अ. आ.

चित्र पोचलं. नाक अगदी ह्यांचंच, रागावलेलं. पण बाळा, सावली कुठंय? शेजारची सोआझ बघायला आली आणि छातीवर क्रूस काढून आल्या पावली परत गेली. सावली नसते ती बुडालेल्यांना, पॅरिसला जाऊन एवढंही विसरलास? नवरा दर्यावर असताना असलं चित्र मी कसं लावू? तोंड भिंतीकडे करून ठेवलंय. थोडा काळा रंग घेऊन ये आणि सावली घाल. त्या निमित्तानं तरी घरी येशील. मला बोलायला कोंबड्यांशिवाय कुणी नाही.

तुझी आई

पॅरिस, ९ जुलै

ती. आईस सा. न.

सावली घातली तर ते चित्र माझं राहणार नाही, आई. भीती वाटत असेल तर माळ्यावर टाक. बाबा बघून टिंगलच करतील, असं मला आता वाटायला लागलंय. माझं बरं चाललंय, म्हणजे तसं लिहायचं असतं. चित्रावर नसला तरी माझ्यावर लोभ असू दे.

गुल्वेन

प्लुबाझलानेक, १४ सप्टेंबर

चि. गुल्वेन यास अ. आ.

गलबत सुखरूप आलं. चित्र लपवायचं राहून गेलं आणि ह्यांनीच ते सरळ केलं. मी घाबरून सोआझचं, सावलीचं, सगळं सांगून टाकलं. हे चित्राच्या अगदी जवळ गेले. मग म्हणाले, तिकडं धुकं असं असतं की कित्येक दिवस माणसाला स्वतःची सावली दिसत नाही, शेजारचा गडीही दिसत नाही. आपण आहोत की नाही तेच कळेनासं होतं. पोरगा कधी तिकडं आला नाही, मग त्याला हे कुणी सांगितलं, असं मलाच विचारलं. खिळाही स्वतःच ठोकला.

इतक्या वर्षांच्या संसारात मला हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. पुढं विचारलं तर पुन्हा गप्प. नाताळला ये. तुझ्याशी ते बोलतील. मी विणकाम घेऊन शेजारी बसेन आणि ऐकेन.

तुझी आई