हरलेल्यांनी आखायच्या रेषा

बाबा, आज सकाळी मैदानावर चुना मारून आले आणि दोनदा हात धुऊनही तो बोटांच्या बेचक्यांत राहिलाच, म्हणून तुम्हाला लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की माजरीतली तुमची खाणसुद्धा आता तशी उरली नाही. तुम्ही जिथून खाली उतरायचात तिथे आता वरूनच खोदतात, आणि दुपारचा स्फोट झाला की माझ्या शाळेच्या खिडक्या थरथरतात. मैदान मात्र आहे. काळंच आहे अजून. घरी गेल्यावर आई तुमचे मोजे वेगळे भिजवायची, तसे आता पोरींच्या आया भिजवतात आणि मला शिव्या घालतात. शाळेत माझी नेमणूक क्रीडाशिक्षिकेची आहे. पोरी पीटी मॅडम म्हणतात, आणि कुणी रजेवर गेलं की हेडमास्तर भूगोलाचा तास माझ्या गळ्यात मारतात.

यंदा आम्ही युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेचा अख्खा हंगाम पाहिला. तोही बायकांचा. हो, आता बायकांचीही असते, भरलेल्या मैदानात, आणि लोक तिकीट काढून येतात. तिकडचे सामने आपल्याकडे लोक झोपल्यावर होतात, म्हणून मी दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधी संगणकाच्या खोलीत भिंतीवर दाखवते. नियम एकच, निकाल कुणी आधी फोडायचा नाही. एकीला ते काही केल्या जमत नाही. ती घरून फोनवर निकाल बघून येते, बोलत काहीच नाही, पण तोंड असं करून बसते की सगळ्यांना कळतं. शेवटी पोरींनी तिला मागच्या बाकावर, सगळ्यांच्या पाठीमागे बसवलं. साखळी सामने सुरू झाले तेव्हा इथे धान कापणीला आलं होतं. पोरींनी एक क्लब धरला, उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड गावाचा, निळ्या जर्सीचा. नाव जिभेवर बसेना म्हणून त्या ‘आपल्या निळ्या’ झाल्या. निळा रंग म्हटल्यावर अर्ध्या वर्गाला विचारायचीही गरज नव्हती. दुसरं कारण असं की त्यांची गोलकीपर बुटकी आहे आणि आमचीही बुटकीच आहे. आमची प्रत्येक सामन्यात फक्त तिच्याकडेच बघत बसायची, चेंडू दुसऱ्या टोकाला असला तरी.

युरोपचे निकाल मी पहिल्यांदा वाचले ते तुमच्या लॅम्परूममध्ये, खाली उतरणाऱ्यांना दिवे देायच्या त्या खोलीत. मी डबा घेऊन यायची. टोपीवरचे दिवे चार्जिंगला लावलेले असायचे, घामाचा आणि कार्बाइडसारखा कसलासा वास यायचा, आणि पाळीच्या फळ्यावर, कोण कुठल्या पाळीला त्याच्या खाली, तुमच्या अक्षरात खडूने लिहिलेलं असायचं: अमका क्लब दोन, तमका एक. पेपर चंद्रपूरहून एक दिवस उशिरा यायचा, त्यामुळे तुमचा फळाही शिळाच असायचा, पण लोक दिवा घेताना वाचायचे. बंगालकडून बदलून आलेल्या ओव्हरमनने, तुमच्या पाळीच्या साहेबाने, खाणीत फुटबॉल आणला आणि तुम्हाला गोलमध्ये उभं केलं, कारण तुम्हाला पळायचा कंटाळा होता, हे आईनेच मला सांगितलं. मी विचारलं, त्याच दोन क्लबांचे निकाल दोनदा का लिहिले? तुम्ही खडूचा हात पँटला पुसता आणि म्हणता, “तिथी एक, इथी एक. दोन्ही मिळून एक. दुसऱ्याच्या गावात हरला तं घरी बोलवाचं त्याले. मंग समजते.” त्यावरूनच माजरी आणि घुग्घुसचे सामने तुम्ही तसेच लावलेत, एक तिथे, एक इथे, आणि दोन्हींचे गोल मिळून निकाल.

रेषांचा नियम मात्र युरोपातला नव्हता, तुमचा होता. हरलेल्याने घरी तोंड लपवून बसायचं नाही, दुसऱ्या दिवशी आपल्या मैदानावर यायचं आणि पुढच्या सामन्यासाठी रेषा आखून ठेवायच्या. आणि ज्याच्याकडून गोल सुटला त्यानेच गोलरेषा आखायची. घुग्घुसला तुमच्या हातांतून चेंडू निसटला त्याच्या दुसऱ्या दिवसाचं मला सगळं आठवतं. आदल्या संध्याकाळी कंपनीच्या ट्रकमधून परत येताना लोकांनी तुम्हाला ‘चाळणी’ म्हणायला सुरुवात केली होती आणि सकाळपर्यंत ते अख्ख्या पाळीला माहीत झालं होतं. दुपारी पहिली पाळी सुटते. ऊन मी म्हणतंय. तुम्ही घरी न येता सरळ मैदानावर येता, खांद्यावर चुन्याची गोणी, आणि मला सुतळीचं एक टोक देता. “घट्ट धर व माय. ढिली सोडजो नोको.” कॉलनीच्या भिंतीवर बसलेले लोक ओरडतात, चाळणीतून चुना चांगला पडते हो. तुम्ही वर बघत नाही. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत वाकून, मुठीने चुना सोडत जाता. तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. मला तेव्हा वाटलं चुना गेला असेल, आणि आजही मी तसंच समजते.

आता आमचं ऐका. मी चामोर्शीच्या शाळेतल्या पीटीच्या बाईंशी बोलून असेच दोन सामने ठरवले, पहिला त्यांच्याकडे, दुसरा आपल्याकडे. होळीच्या आधी आम्ही गाडी करून गेलो. वैनगंगेच्या पुलावर गाडी थांबवावी लागली, कारण अर्ध्या पोरींनी एवढी मोठी नदी पाहिली नव्हती. आणि सामन्यात आमच्या हातून चूक झाली. आमच्या पोरी कोळशाच्या भुकटीवर खेळणाऱ्या. चेंडू पडला की तिथेच बसतो, उसळत नाही, अशी त्यांची सवय. चामोर्शीचं मैदान कडक, दगडासारखं. चेंडू पडला की डोक्यावरून जायचा. आमची गोलकीपर प्रत्येक वेळी खाली वाकून वाट बघत राहिली. चार गोल झाले. चौथा तिच्या पायांमधून गेला, तो पकडायला ती मागे वळली आणि बसकण मारून पडली. कुणीतरी ते फोनवर काढलं. सामन्यानंतर चामोर्शीच्या लोकांनी भात, वरण आणि वांग्याची भाजी वाढली, फार प्रेमाने वाढली. आमची गोलकीपर ताटावर बसली पण जेवली नाही.

आम्ही परत पोचायच्या आत तो व्हिडिओचा तुकडा माजरीत पोचला होता. त्याला कुणीतरी गाणंही लावलं होतं. ती पोरगी शाळेत यायची बंद झाली. आमच्याकडे दुसरी गोलकीपर नाही, आणि हेडमास्तरांनी मला बोलावून सांगितलं की परतीचा सामना झाला नाही तर खेळाचा तास ते गणिताच्या जादा वर्गाला देतील. त्यांचं पुरतं चुकलं असंही नाही, गणितात आमच्या पोरी चामोर्शीला हरल्या त्यापेक्षाही वाईट हरतात. पण मी म्हटलं, सर, सामना होईल. कसा, ते मला तेव्हा माहीत नव्हतं. त्याच आठवड्यात आपल्या निळ्याही परक्या मैदानावर तीन गोलांनी हरल्या. पुढच्या आठवड्यात त्यांचा घरचा सामना. संगणकाच्या खोलीत पोरी दाटीवाटीने बसल्या होत्या आणि गोलकीपरची जागा त्यांनी रिकामी ठेवली होती, तिथे कुणाला दप्तरही ठेवू देत नव्हत्या. निळ्यांनी दोन गोल केले. एकही खाल्ला नाही. तिसरा मात्र झाला नाही, आणि त्या जिंकून स्पर्धेबाहेर गेल्या. मागच्या बाकावरच्या त्या पोरीचं तोंड खोलीत आल्यापासूनच रडवेलं होतं, आणि कुणीच तिला रागावलं नाही.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर मी गोलकीपरच्या घरी गेले. तिची आई कॉलनीच्या मेसमध्ये पोळ्या लाटते. जयभीम झाला, चहा झाला, आणि मग ती म्हणाली, “मॅडम, मेसमधले लोकं मलेच आनून दाखोतात तो व्हिडिओ. ही तुमचीच पोरगी ना म्हनते. मी नाई पाठवत आता.” मी म्हटलं, “खेळू नोका देऊ. फक्त रेषा आखाले पाठवा.”

“चुना माराले माहीच पोरगी काऊन? बाकीच्या मेल्या का?”

“नियम आहे बाई. जिच्या पायातून गेला तिनंच गोलरेषा आखाची.”

“कोनाचा नियम?”

“माह्या बाबाचा.”

तिने पोळपाट पुढ्यात ओढला. पोरगी दाराच्या आड उभी होती, इतका वेळ ती तिथेच होती. तिथूनच तिने विचारलं, “मॅडम, निळ्याइचं काय झालं?” मला वाटलं ती चेष्टा करते आहे. घरात फोन आहे, शेजारी फोन आहे, तिने एव्हाना दहा वेळा बघितलं असेल. मी तसं म्हटलं तर ती म्हणाली, “नाई पाह्यलं. निकाल फोडाचा नाई म्हनता ना तुमी.” बाबा, त्या एका वाक्यावर माझा जीव भांड्यात पडला. घरात बसून, तोंड लपवून, ती पोरगी आमचा नियम पाळत बसली होती.

मी तिला सांगितलं, जिंकल्या पण गेल्या. मग मी तुमचं सगळं सांगितलं, घुग्घुस, चाळणी, गोणी, सुतळी. तिची आईही पोळपाट बाजूला ठेवून ऐकत होती. पोरीने विचारलं, “मंग परतीच्या सामन्यात तुमच्या बाबानं अडवले का सारे?” हो म्हणणं किती सोपं होतं. तिलाही तेच ऐकायचं होतं. पण मी म्हटलं, “नाई. आनखी दोन झाले.”

“मंग?”

“मंग काय. दुसऱ्या दिवशी पुन्हा गोनी उचलली.”

ती हसली. आईकडे बघून हसली, आणि मग आईही हसली. मी उठले.

परतीच्या सामन्याच्या सकाळी मी मैदानावर गेले तेव्हा दोघी मायलेकी आल्या होत्या. पोरगी चुना सोडते आहे, आई सुतळी धरते आहे, आणि वरून सांगते आहे, “वाकडं होऊन राह्यलं व, सरळ पाह्य.” कोळशाच्या काळ्यावर ती पांढरी रेषा शाळेच्या गच्चीवरूनही दिसत होती. सुतळी गुंडाळता गुंडाळता आई म्हणाली, “आता आलीच आहे तं खेळून घे.” चामोर्शीच्या पोरी उतरल्या आणि आमच्या मैदानावर त्यांचीही तीच गत झाली, उसळेल म्हणून वाट बघायच्या आणि चेंडू पायाशी बसायचा. आम्ही एक गोल केला. आमच्या गोलकीपरने तीन अडवले, त्यातला एक तोंडाने, आणि नाकातलं रक्त पुसून ती पुन्हा उभी राहिली. भिंतीवर बसलेली मेसमधली माणसं तेव्हा काय बोलत होती ते मी मुद्दाम ऐकलं नाही. एक शून्य. पाहुण्यांना आम्हीही सामन्यानंतरच वाढलं, आणि पोळ्या तिच्या आईने लाटल्या. हेडमास्तर दोन पोळ्या जास्त जेवले आणि खेळाच्या तासाबद्दल काहीच बोलले नाहीत. ते बोलले असते तरी मी सोडणार नव्हते.

जेवताना आमचा रेषांचा नियम ऐकलेल्या चामोर्शीच्या एकीने गाडीत बसण्याआधी आमच्या पोरींना विचारलं, आता उद्या रेषा कोण आखणार, तुम्ही तर जिंकल्या. आमच्यात वाद झाला. निम्म्या म्हणाल्या जिंकलो, निम्म्या म्हणाल्या तिथी चार खाल्ले. गोलकीपर बूट सोडता सोडता म्हणाली, “दोन्ही मिळून हरलो. आमीच आखू.” आज सकाळी मी पोचले तेव्हा ती माझ्या आधी आली होती. आई कामावर गेली होती, म्हणून सुतळीचं दुसरं टोक मी धरलं. पुढच्या वर्षीचे दोन्ही सामने मी कालच चामोर्शीच्या बाईंशी पक्के करून टाकले आहेत, आणि या वेळी कडक मैदानाचा सराव रेल्वे स्टेशनच्या मागच्या मुरमावर करायचा असं पोरींनीच ठरवलं आहे. युरोपचा अंतिम सामना अजून व्हायचा आहे. त्यात आपल्या निळ्या नाहीत, तरी पोरी म्हणतात बघायचाच, आणि सगळ्या पुन्हा मागच्या बाकावरचीला बजावत आहेत.

हे पत्र कुठे टाकणार? पत्ता लिहायचा तर लॅम्परूमच लिहावी लागेल, आणि ती पाडली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. एक गोष्ट मात्र सांगून टाकते, कारण पोरींना ती सांगता यायची नाही. मला फुटबॉल कधीच एवढा आवडला नाही, बाबा. ऑफसाइड मला नोकरी लागल्यावर समजला. मला सुतळीचं टोक धरून तुमच्या मागे चालायला आवडायचं. आज ती पोरगी पुढे वाकून चालत होती, आणि मी सुतळी ढिली सोडली नाही.