शेवटची बरणी

सोलापूर, रविवार, संध्याकाळ

माझी बायको सुमन गेल्यापासून तिच्या हातच्या शेंगाचटणीची शेवटची बरणी पुरवून पुरवून खातोय. चिमूटभर जिभेवर ठेवली की ती समोर असायची, पुराव्याची गरजच नसायची. सकाळच्या सभेत 'अनुभव हेच ज्ञान' या विषयावर बोलताना हेच ठणकावलं: चाखल्याशिवाय कळत नाही, बाकी सगळी ऐकीव माहिती. टाळ्या पडल्या.

दुपारी सून म्हणाली, "मामा, बरणी संपत आली. मी करते की. पण आत्यांना मी पाहिलंच नाही, त्यांची चव कशी होती तेवढं सांगा."

तिखट, म्हटलं. लसणाची. पुढे? पुढचं चाखूनच कळणार. म्हणून बरणी उघडली, आधी स्वतः चिमूट घेतली, महिन्याभराने.

खवट. पुरवण्याच्या नादात मीच घालवली.

"टाकू का, मामा?"

बरणी उशाशी आणून ठेवली आहे. सुमनच्या चटणीवर आता मला फक्त भाषण करता येईल.