लेबल फाटलेले डबे

१२ जून, गुरुवार

आज चोरी केली. लिहून टाकलं, बरं झालं.

आणि चोरी कसली – तर मिठाची! गोदामात खोकं उतरवताना किलो-किलोच्या चार डब्यांची लेबलं फाटली, नंबर गेले. आमचा सगळा अभ्यासच त्या नंबरांवर चाललाय. अर्ध्या घरांना साधं मीठ, अर्ध्यांना सोडियम कमी करून पोटॅशियम मिसळलेलं. कुणाच्या डब्यात कुठलं ते नंबराला ठाऊक, आम्हाला नाही. दोन वर्षांनी कुणाचं बीपी उतरलं, कुणाचं हृदय शाबूत राहिलं ते बघायचं. नंबर गेलेला डबा म्हणूनच कुणाला देता येत नाही. परत पाठवायचा. मी रजिस्टरात ‘फुटले’ असं लिहिलं आणि दोन डबे शेअर ऑटोत मांडीवर घेऊन वेलचेरीला आत्याकडे आले.

आत्याचं बीपी १७२. वजन पंच्याऐंशी. तिच्या थोरल्या बहिणीला याच वयात पक्षाघात झाला. पण कर्मचाऱ्यांचे नातेवाईक अभ्यासात चालत नाहीत. चारशे परक्या घरांत मी मीठ पोचवते, आणि आई गेल्यावर जिनं मला वाढवलं ती रोज खारवलेल्या वडुमांगायच्या चार-चार कैऱ्या चोखते. हे कुठल्या नियमात बसतं?

आत्याला म्हटलं, “औषधी मीठ आहे. आजपासून सगळ्यात हेच घालायचं.” तिनं डबे फळीवर ठेवले, वर हळदीचं बोट लावलं.

मूत्रपिंडाची रक्ततपासणी आधी करायला हवी होती. दर घरात आम्ही तीच आधी करतो. पण सुईचं नाव काढलं की आत्याला घेरी येते. पुढच्या महिन्यात करू. डब्यात साधंच मीठ निघालं तर प्रश्नच नाही. आणि खाल्ल्या मिठाला मी जागतेच आहे की!

२२ जून, रविवार

आत्याचं बीपी घेतलं. रीतसर – पाच मिनिटं टेकून बसवलं, तीनदा मोजलं, पहिलं सोडून दिलं. १६४. कॉफी अर्धा तास आधी घ्यायची नाही म्हटल्यावर जी फुगून बसली, त्यामुळे दोन तरी वाढले असतील.

भवानी भांडी घासत होती. आत्याकडे सहा वर्षं काम करते. आत्याच्या दंडावरचा पट्टा फुगताना बघून ती इतकी हसली की ताट हातातून सुटलं.

६ जुलै, रविवार

१५०!!

मीठ आपलं आहे. म्हणजे पोटॅशियमवालं. नक्की! उरलेले दोन डबेही आणून दिले. आता चारही तिच्याकडे.

आत्याला म्हटलं, “बघ, मिठाचा गुण.” ती तिच्या तमिळ मिसळलेल्या जुन्या मराठीत म्हणाली, “सेरी गे, तुझेंच खरें,” आणि तोंड फिरवून कपाटात काहीतरी शोधायला लागली. माझं कौतुक करायला हिच्या जिवावर येतं.

२० जुलै, रविवार

१४२.

निघताना भवानी जिन्यापर्यंत आली. “अक्का, त्यांचे पाय सुजतात हो संध्याकाळी. बूट चढत नाहीत. एकदा त्यांचं पण मोजा ना.” ते म्हणजे तिचा नवरा, वेंकट. श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात पॅकिंगला आहे, पहाटे साडेचारला कंपनीची बस. साखरेचा आजार दहा-बारा वर्षांचा.

म्हटलं, “रविवारी घेऊन ये.” म्हणाली, “रविवारी त्यांची शिफ्ट असते, अक्का.” “मग मी येईन घरी.” तिचं घर पाच मिनिटांवर, कालव्याच्या पलीकडे. आजच जायला हवं होतं. पण मशीन पिशवीत घालून झालं होतं आणि घरी मुलगी जेवायची थांबली होती.

३ ऑगस्ट, रविवार

१३६! तीस वर्षांत आत्याचं बीपी इतकं खाली नव्हतं. फार वाटलं आमच्या अभ्यासाच्या प्रमुखांना, डॉ. राममूर्तींना सांगावं – सर, एक घर आहे, तुमच्या यादीत नाही, पण बघा तरी! जीभ चावली.

वेंकटकडे जायचं राहिलंच. या आठवड्यात नक्की.

१४ ऑगस्ट, गुरुवार

भवानीचा नवरा गेला. पहाटे बसची वाट बघताना थांब्यावरच बसला, तो उठलाच नाही. हार्ट अटॅक, म्हणाले. सत्तेचाळीस वय.

मी गेले नाही ते नाहीच. पाच मिनिटांचं अंतर!

१६ ऑगस्ट, शनिवार

आत्यानं तांदूळ, डाळ दिली, ती घेऊन भवानीकडे गेले. एकच खोली. बायका बसलेल्या. भवानीनं माझे दोन्ही हात धरले. “अक्का, तुम्ही येणार होता मोजायला.” टोमणा नव्हता त्यात. नुसतं सांगितलं तिनं. टोमणा असता तर सोसला असता.

हार्ट अटॅकवर मी अकरा वर्षं काम करते. सुजलेले पाय, साखरेचा आजार – या दोन गोष्टी एका माणसात आहेत म्हटल्यावर आमच्या फील्डमधली कालची पोर पण चिठ्ठी लिहून दवाखान्यात पाठवेल. मी म्हटलं, रविवारी ये.

२६ ऑगस्ट, मंगळवार

गुम्मिडिपूंडीच्या केंद्रात बैठक. तिथल्या वसाहतीतल्या एका बाईची पुन्हा तपासणी केली तर मूत्रपिंडं मंदावलेली निघाली. वेळेत कळलं, मीठ लगेच बंद केलं, बाई ठीक आहे. पण डॉ. राममूर्तींनी आम्हाला उभं-आडवं फाडलं. एरवी मुंगीला बाजूला करून चालणारा माणूस! “पोटॅशियम चांगलंच आहे. धडधाकट मूत्रपिंडाच्या माणसाला. ज्याची मूत्रपिंडं थकली आहेत त्याच्या अंगात ते साचतं, आणि एक दिवस हृदय ठोका चुकवतं. न सांगता. म्हणून रक्त आधी, डबा मागून! समजलं?”

सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

आत्याचं रक्त मी अजून घेतलेलं नाही. अडीच महिने झाले. अडीच महिने!

परतीच्या गाडीत नंदिता – माझी सहकारी – दोनदा म्हणाली, “बरं नाही का वाटत?”

२७ ऑगस्ट, बुधवार

सकाळी सहाला आत्याकडे. थापा मारून रक्त काढलं – “वर्षाची तपासणी आहे, सगळ्या म्हाताऱ्यांची करतात.” तिनं डोळे मिटून माझाच हात धरून ठेवला. ज्या हातानं डबे आणून दिले तोच.

डबा मागितला. म्हणाली, संपला. चारही? “संपलेच हो!” म्हटलं, आता दुकानचं मीठ वापर. बरं म्हणाली. फार चटकन बरं म्हणाली. चार किलो मीठ एकट्या बाईनं अडीच महिन्यांत खाल्लं?

रिपोर्ट उद्या. देवघरापुढे बसले, पण मागायचं काय? चोरीच्या मालाला यश दे म्हणून?

२८ ऑगस्ट, गुरुवार

क्रिएटिनिन १.९. म्हणजे मूत्रपिंडं खरंच मंदावलेली आहेत. अशा बाईला मी चार किलो दिलं.

आणि पोटॅशियम ४.२. नॉर्मल. अगदी नॉर्मल!

दोनदा प्रयोगशाळेत फोन केला. नमुना बदलला नाही ना? नाही म्हणाले. ऑफिसातून तशीच उठले, आत्याकडे गेले, दार लावून घेतलं. म्हटलं, “आत्या, मला खरं सांग. ते मीठ तू खाल्लंस का?”

आत्या आधी रागावली. मग रडली. मग सगळं बाहेर आलं.

खाल्लंच नाही तिनं. पहिल्याच दिवशी चिमूटभर जिभेवर ठेवलं होतं. “कडू लागतें गे तें. डांगर पच्चडींत घातलें, सगळी पच्चडी गेली. तुला कसें सांगूं? तूं इतक्या मायेनें आणलेंस.”

“मग बीपी कसं उतरलं?”

ती कपाटापाशी गेली आणि औषधाच्या रिकाम्या पट्ट्यांचा गठ्ठा काढून माझ्यापुढे ठेवला. “गोळ्या घेऊं लागलें. आधीं घेत नव्हतें, तांदुळाच्या डब्यांत पुरीत होतें. तूं दर रविवारीं तो पट्टा घेऊन येतेस. मिठाचा गुण आला नाहीं तर तुझें तोंड उतरेल, म्हणून घेतल्या.”

मी हसले. खरंच हसले! अडीच महिन्यांचं ओझं पाठीवरून उतरलं. तिला मिठीच मारली. आत्या वाचली. मी वाचले. माझं मीठ कुणाच्याच पोटात गेलं नाही.

तशीच मिठीत असताना विचारलं, “मग टाकलंस कुठे?”

आत्या मागे सरली, कानाला हात लावला. “अय्यो! मीठ कोणी टाकतें काय? घरांत आलेलें मीठ म्हणजे लक्ष्मी. टाकायचें नाहीं, परत करायचें नाहीं. भवानीला दिलें. आणि शुक्रवारीं नाहीं हो दिलें, सगळे डबे गुरुवारींच दिले. हातांत पण नाहीं दिलें, भुईवर ठेविलें, तिनें उचललें.”

कडू लागतं, म्हणजे पोटॅशियम. कुठल्याही नंबराशिवाय कळलं. मी एकदाही जिभेला लावून बघितलं नव्हतं.

वेंकटला जाऊन आज चौदा दिवस.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

कालव्यापर्यंत गेले, तिथूनच परत फिरले.

३० ऑगस्ट, शनिवार

भवानीकडे गेले. शेवटचा डबा फळीवर, अर्धा भरलेला. लेबलाची फाटकी कड तशीच.

म्हटलं, हा मला दे, खराब निघालाय. तिनं काढला, खाली भुईवर ठेवला. मग म्हणाली, “सरकारी दवाखान्यात त्यांना मीठ कमी करा म्हणाले होते, अक्का. बिचारे तोंड वाकडं करून जेवायचे. मग अम्मांनी हे दिलं. मी त्यांना म्हटलं, हे रंजनीअक्कांच्या संशोधनाचं आहे, हृदयासाठी आहे, हवं तेवढं घाला. दोन महिने पोटभर जेवले हो.”

दवाखान्याचं कार्ड मागितलं. तिनं देवाच्या तसबिरीमागून काढलं. एप्रिलची तारीख. क्रिएटिनिन ३.८. खाली डॉक्टरांनी पेनानं रेघ मारलेली. भवानीला त्यातलं काय वाचता येणार? मला आलं असतं. जुलैत जिना उतरून पाच मिनिटं चालले असते तर हेच कार्ड तिनं तेव्हाही तसबिरीमागून काढून दिलं असतं.

त्याचा जीव मिठानंच गेला का? कळणार नाही. थांब्यावर कुणी रक्त घेतलं नाही. दहन झालं. ३.८ वाला माणूस मिठाशिवायही जाऊ शकतो – हे वाक्य काल रात्रीपासून मी शंभरदा मनात म्हटलंय. कुणी फसवायला बसलंय का मला? मीच.

भवानीला सांगायला तोंड उघडलं. तिनं ताकाचा पेला पुढे केला. तिचं धाकटं पोर मांडीवर येऊन बसलं होतं. ताक प्याले आणि डबा घेऊन पळून आले. सांगितलं नाही. भित्री, भित्री, भित्री!

३१ ऑगस्ट, रविवार

पुन्हा गेले. सांगितलं. डब्याची चोरी, कडू चव, कार्डावरचा आकडा, सगळं. तमिळमध्ये, साध्या शब्दांत, पळवाट न ठेवता.

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. ओरडली नाही. पोराला उचललं, शेजारणीकडे देऊन आली, परत येऊन बसली. म्हणाली, “मीच वाढायचे, अक्का. ते नको म्हणायचे तरी वरून घालायचे.”

असं नाही, तुझा काही दोष नाही, असं म्हणाले. ती मान हलवत राहिली. माझी चूक तिनं अंगावर घेतली आणि मला ती परत काढून घेता येईना.

आता उद्या डॉ. राममूर्ती. नोकरी जाईल. जावो.

१ सप्टेंबर, सोमवार

सरांना सगळं सांगितलं. ते ओरडतील म्हणून उभीच राहिले होते. ओरडले नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, “तुझ्या आत्या एकट्याच आहेत का, रंजनी, ज्या मीठ टाकत नाहीत?”

कपाटातून आमचा फॉर्म काढला. ‘या घरात जेवणाऱ्या सर्व व्यक्तींची नावे व रक्ततपासणी.’ हा फॉर्म मीच लिहिलाय. या घरातून कोण काय घेऊन जातं, असा रकाना त्यात नाही.

दुपारपासून चारशे घरांना फोन लावायला घेतले. यादीतलं पहिलं घर वेलचेरीचंच, दुसरा मजला. विचारलं, “मामी, आमचं मीठ तुमच्याकडे कोण कोण खातं?”

त्या हसल्या. “खरं सांगू का? रागावू नकोस हं. कडू लागतं गं. आम्ही पहिल्यापासून कामवालीलाच देतो.”