उघडलेली कबर आणि आईने घेतलेले नाव

मी, नथानिएल शांतवन लोंढे, घरी नाथा, वय त्रेपन्न, काम लातूरच्या एका दैनिकाची वार्ताहरकी, राहणार देगलूर, जिल्हा नांदेड, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दबावाखाली न येता लिहीत आहे. दबाव एकच, माझ्या आईचा. पण ती त्याबद्दल मला काही बोलतच नाही, त्यामुळे कायद्याने तो धरता येणार नाही. माझी प्रकृती उत्तम आहे. मग घाई कशाची, ते आधी सांगतो.

आई, केवळाबाई, पावसाळा सरता सरता नांदेडच्या दवाखान्यात होती. छातीत पाणी झाले होते. डॉक्टरांनी थोरल्या इम्मानुएलदादाला बाजूला घेतले आणि म्हणाले, "आता प्रार्थना करा." आम्ही ख्रिस्ती माणसे. डॉक्टर असे म्हणाला की आम्हाला त्याचा एकच अर्थ लागतो. आमच्या कबरस्तानात वर काळी माती आणि खाली खडक. बाबांच्या वेळी पेटी काठावर ठेवून आम्ही पहारीचे घाव मोजत बसलो होतो. ती फजिती पुन्हा नको म्हणून दादाने दवाखान्यातूनच फोन केला आणि बाबांच्या शेजारची जागा उकरून घेतली. ज्या सकाळी खड्डा तयार झाल्याचा निरोप आला, त्याच सकाळी आईने डोळे उघडून चहा मागितला.

नंतर कळले, डॉक्टर सगळ्यांनाच प्रार्थना करायला सांगतात. स्वतः रोज मारुतीला जातात.

आमच्यात उघडलेली कबर रिकामी बुजवत नाहीत. हे कुठे लिहिले आहे, असे मी पाळकसाहेबांना विचारले. त्यांनी पावसापाण्याचा विषय काढला.

आई घरी आल्यावर, गेल्या आठवड्यात, अंगणात उपकारस्तुतीची सभा झाली. आम्ही आठ भावंडे, सुना, जावई, नातवंडे, भोकरचे, विष्णुपुरीचे, लातूरचे, मांडवात मावेनात. प्रत्येकाने उठून देवाचे आभार मानले. दादा बोलताना रडला. खड्ड्याचा उल्लेख त्याने टाळला. मटणाची पहिली ताटली आईसमोर ठेवली, तर ती म्हणाली, "ही फाटकाबाहेर ठिवा. तुमचा बाप बसून राहिलाय तिथं."

सगळे हसले, कारण दुसरे काय करायचे ते कोणाला सुचले नाही. ताटली बाहेर ठेवली. परत आणली तेव्हा चाटूनपुसून स्वच्छ होती. शेजारचा शरणप्पा, आडत दुकानदार, म्हणाला, मांजर असेल. शरणप्पाने मांजर पाहिलेले नाही.

त्या दिवशी ती माझ्या धाकट्या बहिणीला, उज्वलाला, एवढेच म्हणाली: "दवाखान्यात तुमचा बाप दिसला. खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसला होता. म्हणाला, जागा केली हाय, चल. मी म्हणलं, पोरं जेवली न्हाईत अजून. तर म्हणाला, मग कुणाला तरी धाड. एकटं लई कंटाळा येतो."

"मग तू काय म्हणलीस, आई?"

"नाव घेतलं एकाचं."

कोणाचे, ते तिने सांगितले नाही. पाणी आणि चहा सोडून तेव्हापासून ती काही घेत नाही. डॉक्टर म्हणतात, आजार गेला, आता अन्न गेले पाहिजे. नाहीतर आजाराशिवायच जातील.

घरादाराला भुताने धरल्यासारखे झाले आहे. दादा अंगणातसुद्धा हेल्मेट घालतो. विष्णुपुरीचा भाऊ धरणाच्या रस्त्याने जायचा सोडून लांबून फिरून येतो. उज्वलाने रक्त तपासून घेतले, आणि साखर नाही म्हटल्यावर तिला फार वाईट वाटले. निदान कारण तरी कळले असते. सगळे देवाचे उपकार मानतात आणि मानता मानता एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

मला बघावे लागत नाही. आई सकाळी खाटेवरून सगळ्यांची नावे घेते, इथे नसलेल्यांचीही. सातच घेते. मला "ए वार्ताहर" म्हणून हाक मारते. संस्कृत शिकून माझे भले झाले नाही असे दादाचे मत आहे (तो मला शास्त्रीबुवा म्हणतो), पण अनुमान करायला मी तिथेच शिकलो. धूर दिसला की अग्नी मानावा. म्हणून हे मृत्युपत्र.

कलम १. देगलूरच्या घरातील माझा हिस्सा उज्वलाला. तिने दवाखान्यात आईचे सगळे केले. बाकीच्यांनी फोटो काढले.

कलम २. बँकेत जे असेल ते आईच्या नातवंडांच्या शिक्षणाला. मात्र त्यातल्या एकाने तरी संस्कृत घ्यावे. वर्गात "तू ख्रिस्ती असून?" असे विचारतील. "हाव," म्हणून खाली बसावे. मी लातूरला पाच वर्षे तेवढेच केले.

कलम ३. मोटारसायकल विष्णुपुरीच्या भावाला. ती धरणाच्या रस्त्यानेच चालवावी.

कलम ४. माझी वाजवायची पेटी चर्चला. दादाला तिला हात लावू देऊ नये. नाताळच्या उपासनेत त्याने माझ्या सुरावर वरचढ आवाज लावून मंडळीला माझाच सूर चुकला असे भासवले, ते मी विसरलेलो नाही. बाकी सगळे माफ. खड्डासुद्धा माफ, तो प्रेमापोटी खोदला होता, आणि प्रेमापोटी आमच्या घरात नेहमी घाईच होते.

कलम ५. बाबांच्या शेजारची उघडी कबर मी माझ्यासाठी घेत आहे. माझी वेळ येईल तेव्हा मला तिथे ठेवावे. बाबांना निरोप पोचावा की नाव कळले, माणूस ठरला, आता फाटकाबाहेर बसू नये. शरणप्पाला हे वाचून दाखवले. तो लिंगायत, म्हणाला, "आमच्यात बसवून पुरतात. तुमचा बाप उठून बसला आसंल तर दोघांना जागा पुरते, पंडित." त्याचा हेतू धीर देण्याचा होता.

कलम ६. आईने माझे नाव घेतले असेल तर बरोबर घेतले. बायको नाही, मूल नाही. तिच्या जागी मी असतो तर हेच केले असते. यात तिचा दोष नाही आणि याबद्दल कोणी तिला कधीही विचारू नये.

कलम ७. आईला काहीही ठेवलेले नाही. साक्षीदाराला वाटा मिळत नाही, आणि साक्षीदार मला तीच हवी. वकील म्हणाले, साक्षीदार तरणा घ्या, साक्ष द्यायला उरला पाहिजे. मी म्हटले, तेवढ्यासाठीच तिला घेतोय. उरायचे असेल तर जेवावे लागेल.

ठिकाण देगलूर. दिनांक १७ नोव्हेंबर २०२४.

सही: नथानिएल शांतवन लोंढे

साक्षीदार पहिला: शरणप्पा गुरुपादप्पा पाटणे, शेजारी. (सही)

साक्षीदार दुसरी: केवळाबाई शांतवन लोंढे. हिला वरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. अंगठा देण्याआधी तिने खालील म्हणणे लिहून घ्यायला लावले. तिचेच शब्द:

"पाचवं खोड. ती जागा माझी हाय, नवऱ्याच्या बाजूची. तू कोण मधी झोपणार? खड्डा बुजवू नका, फळ्या टाका वर. मी येणारच हाय, परत उकरत बसता का? आन् नाव तुझंच घेतलं, नाथा. बाकीचे सात गुमान गेले आसते. तू जाशील, बापासंगं वाद घालशील, त्यो कटाळंल आन् तुला माघारी धाडंल, म्हणून घेतलं. मग भ्या वाटलं, न्हाई धाडलं तर? घास उतरंना. आता तू कागदावर पण वाद घालून राहिलास म्हणल्यावर त्यो काय तुला ठिवून घेत न्हाई. त्यो बाहेर हाय अजून. बसू दे. उज्वला, वरण-भात आण. आन् एक ताटली बाहेर."

कलम ५ खोडले. (सही: न. शां. लोंढे)

आईचा अंगठा सोबत आहे. शाईचे पॅड पुढे केले होते, पण तिने जेवता जेवताच टेकवला. ठसा पिवळा आहे तो वरणाचा. ग्राह्य धरावा.